जपानी लाइव्हस्ट्रीमच्या चॅटमधली बोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी स्ट्रीम बघणारे मराठी प्रेक्षक आता कमी नाहीत. कुणी ॲनिमेवरून तिकडे वळलं, कुणी गेमवरून, कुणी व्हीट्यूबरच्या, म्हणजे चेहऱ्याऐवजी हलतं चित्ररूप पात्र पडद्यावर ठेवून स्ट्रीम करणाऱ्यांच्या, गाण्यांवरून. अडतात मात्र सगळे एकाच जागी. स्ट्रीमर काय बोलते ते अंदाजाने कळतं, पण शेजारून धावणारं चॅट काही केल्या कळत नाही. मी जपानी शिकवते आणि संध्याकाळी स्ट्रीमही बघते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या बोलीतले शब्द दिसायला वात्रट असले तरी त्यांचं काम रीतभातीचं आहे: आलो, ऐकतोय, आवडलं, दमला असाल, निघतो. कोणता शब्द कुठल्या वेळेचा हे कळलं की पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

एन३ पास झाले, तरी चॅट का वाचता येत नाही?

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत (एन३ ही तिची मधली पातळी) विचारतात ती पूर्ण वाक्यांची, नीटनेटकी जपानी. चॅटमध्ये वाक्यच नसतं. शब्दांची डोकी आणि शेपट्या छाटलेल्या असतात, आकडे उच्चारासाठी वापरलेले असतात, रोमन अक्षरं चित्रासारखी मांडलेली असतात आणि कांजी (चिनी मुळाची अक्षरं) कित्येकदा मुद्दाम भलतीच, केवळ उच्चार जुळतो म्हणून लिहिलेली असते. पुण्यात जपानी शिकणारी कितीतरी मुलं व्याकरणात पक्की असूनही इथे गोंधळतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण पाठ्यपुस्तकात हे येतच नाही.

यातलं बरंचसं दोन ठिकाणी घडलं. एक, १९९९ साली निशिमुरा हिरोयुकी यांनी सुरू केलेलं ‘नि-चान्नेरु’ हे निनावी चर्चापीठ. दुसरी, डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेली ‘निकोनिको दोगा’ ही व्हिडिओ साइट. आज यूट्यूब आणि ट्विचवर दिसणाऱ्या कितीतरी शब्दांची मुळं तिथे सापडतात.

स्ट्रीमला आणि स्ट्रीमरला जपानीत नक्की काय म्हणतात?

स्ट्रीम म्हणजे ‘हाइशिन’, ती करणारी व्यक्ती ‘हाइशिन्शा’. निकोनिकोवरच्या थेट प्रक्षेपणाला ‘नामाहोसो’ म्हणत. ‘नामा’ म्हणजे कच्चं, ताजं. त्यावरून तिथला स्ट्रीमर झाला ‘नामानुशी’. यातला ‘नुशी’ म्हणजे मालक, धनी. गेम खेळता खेळता बोलणं म्हणजे ‘जिक्क्यो’. हा शब्द मुळात रेडिओ-टीव्हीवरच्या सामन्यांच्या धावत्या वर्णनाचा. निजिसान्जीसारख्या व्हीट्यूबर संस्था आणि काही मोबाइल ॲप आपल्या स्ट्रीमरना ‘राइबा’ म्हणतात.

आता एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: प्रेक्षकाला सर्रास ‘रिसुना’ म्हणतात, म्हणजे श्रोता. समोर चित्र हलतंय, तरी श्रोताच. जपानी स्ट्रीमिंगवर रेडिओचा फार मोठा संस्कार आहे. तासन्‌तास एकट्याने बोलत राहणं, श्रोत्यांच्या चिठ्ठ्या वाचणं, ठरावीक सदरं चालवणं, हे सगळं तिथूनच आलं.

‘वाकु’ हा शब्द प्रत्येक शीर्षकात का असतो?

‘वाकु’ म्हणजे चौकट. इथे अर्थ वेळेची चौकट, ठरलेला अवकाश. निकोनिकोची थेट प्रक्षेपण सेवा २००७ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि पुढे सामान्य वापरकर्त्यांनाही प्रक्षेपण करता येऊ लागलं. पण एक वाकु होती ३० मिनिटांची. अर्धा तास झाला की प्रक्षेपण बंद. पुढे बोलायचं असेल तर नवी वाकु मिळवायची, आणि गर्दीच्या वेळी ती लगेच मिळेलच असं नसायचं.

त्या वेळच्या एखाद्या प्रक्षेपणाची शेवटची दोन मिनिटं डोळ्यांपुढे आणा. नामानुशी गोष्ट सांगत रंगात आलेला असतो, घड्याळ संपत आलेलं असतं, तो घाईघाईने विचारतो, ‘पुढची वाकु घेऊ का?’ चॅटमधून होकार येतात. पडदा काळा होतो. मग सगळे श्रोते नव्या पानाची वाट बघत ताटकळतात आणि ते उघडलं की धावत आत शिरतात. त्यातही भरगच्च प्रक्षेपणात पैसे भरणारे सभासद आत आले की फुकट बघणाऱ्यांना बाहेर काढलं जाई. त्याला ‘ओइदाशी’ म्हणत. दर अर्ध्या तासाने सगळा संसार उचलून दुसरीकडे मांडायचा, असा तो प्रकार होता.

पुढे ही मर्यादा सैल झाली, यूट्यूबवर तर ती कधी नव्हतीच. शब्द मात्र राहिला. आज गाण्याची स्ट्रीम ‘उतावाकु’, गप्पांची ‘झात्सुदान वाकु’, सकाळची ‘आसावाकु’. स्ट्रीमसाठी यूट्यूबवर आधीच पान उघडून ठेवलं तर ‘वाकु मांडली’ म्हणतात, आणि त्या पानावर सुरुवातीची वाट बघत थांबण्याला ‘ताइकी’.

‘वाकोत्सु’, ‘ओत्सु’, ‘उपोत्सु’ हे एकाच कुळातले आहेत का?

हो. मूळ शब्द ‘ओत्सुकारेसामा’, म्हणजे ‘दमला असाल, कष्ट घेतलेत’. जपानी ऑफिसात घरी निघताना, तालमीनंतर, नाटकाच्या प्रयोगानंतर हा शब्द हमखास ऐकू येतो. नि-चान्नेरुवर त्याचा ‘ओत्सु’ झाला आणि तो लिहायला उच्चार जुळणारी एक अगदी सोपी, एका रेघेची कांजी वापरली जाऊ लागली.

‘वाकुतोरी ओत्सु’ म्हणजे ‘वाकु मिळवण्याचे कष्ट घेतलेत’. त्याचं आखडून ‘वाकोत्सु’. वरचा अर्ध्या तासाचा खटाटोप ठाऊक असला की या शब्दातली आपुलकी कळते: श्रोता आत येताच आधी समोरच्याच्या कष्टाची दखल घेतो, मग बाकीचं बोलतो. मला या सगळ्या बोलीतला सर्वांत आवडणारा शब्द हाच. ‘उपोत्सु’ त्याचा भाऊ. व्हिडिओ अपलोड करणाऱ्याला म्हणायचा.

स्ट्रीम संपताना ‘ओत्सु’ किंवा ‘ओत्सुकारे’ लिहायचं. अनेक व्हीट्यूबरचे स्वतःचे अभिवादनाचे शब्द असतात. होलोलाइव्ह या संस्थेच्या व्हीट्यूबर उसादा पेकोराकडे येताना ‘कोनपेको’ आणि जाताना ‘ओत्सुपेको’. यातला ‘कोन’ हा ‘कोन्निचिवा’ किंवा ‘कोनबान्वा’चा तुकडा.

चॅटमध्ये ८८८८८८ असे आकडे का येतात?

टाळ्या. जपानीत आठ म्हणजे ‘हाची’, आणि टाळीचा आवाज ‘पाची पाची’. गाणं संपलं की सगळं चॅट आठांनी भरून जातं. आकडे उच्चारासाठी वापरण्याची ही खोड जपानीत जुनी आहे. निकोनिकोवर निनावी लिहायचं असेल तर १८४ ही आज्ञा असे. एक-आठ-चार म्हणजे ‘इ-या-यो’, ‘नको बाई’. हाच आकडा जपानी फोनवर आपला नंबर लपवण्यासाठी आधी फिरवतात.

शोरूम या ॲपवर मात्र १, २, ३ असे सरळ वाढत जाणारे आकडे दिसले तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे प्रेक्षक ५० पर्यंत मोजून स्ट्रीमरला गुण मिळवून देतात.

आणि ‘कुसा’ म्हणजे गवत? हसण्याशी गवताचा काय संबंध?

हसणं म्हणजे ‘वाराई’. आधी ती कांजी कंसात लिहीत. मग तेवढेही कष्ट नकोत म्हणून ‘वाराई’चं रोमन पहिलं अक्षर, म्हणजे नुसता ‘डब्ल्यू’. जास्त हसू आलं की डब्ल्यूंची रांग. ती रांग जमिनीतून वर आलेल्या गवताच्या पात्यांसारखी दिसते, म्हणून ‘कुसा’. मग ‘कुसा हाएरु’, म्हणजे गवत उगवतंय. आणि हसून लोळायची वेळ आली तर ‘दाइसोगेन’, म्हणजे अख्खं गवताळ माळरान.

वापरताना एक जपा. वाक्याच्या शेवटी एकटा डब्ल्यू काही वेळा खिजवल्यासारखा वाटतो. समोरचा दुःखाचं काही सांगत असेल तर यातलं काहीच लिहू नका. आणि स्ट्रीमर गेममध्ये हरली म्हणून सगळं चॅट कुसाने भरलं तर ते चालतं, कारण त्या वेळी तीही हसत असते.

निकोनिकोवर कॉमेंट चित्रावरूनच का उडतात?

ती त्या साइटची ओळखच आहे. कॉमेंट उजवीकडून डावीकडे, थेट चित्रावरून सरकत जाते. खूप झाल्या की चित्र झाकून जातं, त्याला ‘दान्माकु’ म्हणतात, अर्थात गोळ्यांचा पडदा. हा शब्द त्याच नावाच्या जपानी शूटिंग गेमच्या प्रकारातून आला, ज्यात शत्रूच्या गोळ्यांनी पडदा भरून जातो. रंग, आकार, जागा वापरून कॉमेंटमधून नक्षी करणारे लोक होते. त्यांना ‘शोकुनिन’, म्हणजे कारागीर म्हणत. पुढे चीनच्या बिलिबिलीने हीच पद्धत घेतली, शब्दही तोच घेतला आणि चिनी उच्चाराने ‘दान्मु’ केला.

२०२४ च्या जूनमध्ये मोठ्या सायबर हल्ल्यामुळे निकोनिको जवळजवळ दोन महिने बंद होती आणि ऑगस्टमध्ये पुन्हा उभी राहिली.

‘शोकेन’ लिहावं का?

पहिल्यांदा आला असाल तर जरूर लिहा. ‘शोकेन देसु’ म्हणजे ‘पहिल्यांदाच बघतोय’. स्ट्रीमर बहुतेक वेळा थांबून ‘शोकेन-सान, इराश्शाइ’ म्हणते, म्हणजे ‘या, या’. छोट्या स्ट्रीमवर या एका शब्दाने समोरच्याला खरोखर आनंद होतो. लिहायचं मात्र एकदाच.

शब्दाला दुसराही अर्थ आहे आणि तो माहीत नसला तर पंचाईत होते. गेम पहिल्यांदाच, काहीही आधी न वाचता खेळणं म्हणजे ‘शोकेन पुरेइ’. शीर्षकात असं असेल तर स्ट्रीमर सांगतेय की मला वाट चुकू द्या. तिथे पुढचं काही सांगणं म्हणजे ‘नेताबारे’, आणि जपानी चॅटमध्ये याइतका राग दुसऱ्या कशाचा येत नसेल.

न लिहिता नुसतं वाचणाऱ्यांना ‘रोमु’ म्हणतात, फक्त तेवढंच करणारे ‘रोमुसेन’. त्यात कमीपणा काही नाही. जुनी मंडळी ‘कोसान’, नवी ‘शिन्झान’.

स्ट्रीमर शिंकली की लोक ‘तासुकारु’ का लिहितात?

‘तासुकारु’ म्हणजे ‘बरं झालं, सोय झाली’. स्ट्रीमर बोलता बोलता शिंकते. क्षणभर शांतता. मग चॅटमध्ये खालून वर एकच ओळ चढत जाते, ‘कुशामी तासुकारु’: शिंक मिळाली, सोय झाली. आणि त्यामागोमाग कुणीतरी लिहितं, ‘चोदो किराशितेता’, म्हणजे ‘घरातली नेमकी संपलीच होती’. वाण्याकडून मीठ आणताना बोलावं त्या सुरात हे शिंकेबद्दल बोललेलं असतं. व्हीट्यूबरच्या जगात हे इतकं रूढ आहे की शिंक आल्यावर स्ट्रीमरच वैतागून हसत माफी मागते. पुढे तासुकारु कशालाही लागायला लागलं: खोकला, पाण्याचा घोट, गाण्याची गुणगुण. या विनोदात चिडवणं आहे, पण त्याहून जास्त आहे ते ‘आम्ही कान देऊन ऐकतोय’ हे सांगणं.

पैशांचे शब्द कोणते? ‘आकासुपा’ म्हणजे काय?

पैसे देण्याचा जुना शब्द ‘नागेसेन’, म्हणजे फेकलेलं नाणं. रस्त्यावरच्या खेळ करणाऱ्यांना आणि रंगमंचावरच्या कलावंतांना प्रेक्षक नाणी देत. कागदात पिळून दिलेल्या नाण्यांना ‘ओहिनेरी’ म्हणतात. आपल्याला हे समजावून सांगायला नको: तमाशात रसिक दौलतजादा करतो आणि फडावरून त्याचं नाव पुकारलं जातं, तेच इथे घडतं.

यूट्यूबवर सुपर चॅट, म्हणजे पैसे देऊन चॅटमध्ये ठळक संदेश पाठवण्याची सोय, २०१७ साली आलं. जपानीत त्याचं ‘सुपाचा’ झालं. रक्कम वाढते तसा रंग बदलतो: १०० येनला निळा, आणि १०,००० येनपासून ५०,००० येनपर्यंत लाल. लाल म्हणजे ‘आका’, म्हणून ‘आकासुपा’. लागोपाठ आकासुपा देणाऱ्याला ‘सेकियुओ’ म्हणतात, तेलाचा राजा. दुसऱ्याने दिलेल्या सुपाचाला दाद द्यायची तर ‘नाइसुपा’. शेवटी स्ट्रीमर एकेकाचं नाव घेऊन आभार मानते, ती ‘सुपाचा-योमी’, आणि मोठ्या चॅनेलवर त्यासाठी वेगळी स्ट्रीमच ठेवतात.

एक वाक्य कानावर येईल: ‘मुरी नो नाइ हानइ दे’, म्हणजे ‘झेपेल तेवढंच’. बऱ्याच स्ट्रीमर हे मनापासून सांगतात. तुम्हीही ते मनावर घ्या. एक पैसा न देता वर्षानुवर्षं बघणारे श्रोते जपानमध्येही ढीगभर आहेत आणि त्यांना कुणी हलकं लेखत नाही. दिलेल्या पैशांतला सुमारे ३० टक्के वाटा यूट्यूब ठेवतं, हेही माहीत असलेलं बरं.

व्हीट्यूबरच्या बाबतीत ‘मामा’, ‘पापा’, ‘तामाशी’ असं नातेवाइकांसारखं का बोलतात?

२०१६ च्या अखेरीस किझुना आइ आली आणि तिने स्वतःला व्हर्च्युअल यूट्यूबर म्हणवून घेतलं. २०१८ पासून निजिसान्जी, होलोलाइव्ह अशा संस्था वाढल्या आणि त्यांच्याबरोबर हा शब्दसंग्रहही. व्यक्तिरेखेचं चित्र काढणारा चित्रकार म्हणजे ‘मामा’, म्हणजे आई, मग तो पुरुष का असेना. त्या चित्राला हालचाल देणारा ‘पापा’. एकाच चित्रकाराने काढलेल्या दोघी मग बहिणी ठरतात. आतली खरी व्यक्ती म्हणजे ‘तामाशी’, आत्मा, किंवा ‘नाका नो हितो’, आतला माणूस. चित्र धारण करणं म्हणजे ‘जुनिकु’, देह घेणं. त्याच व्यक्तीने पूर्वी दुसऱ्या नावाने स्ट्रीम केली असेल तर ते ‘झेन्से’, पूर्वजन्म, आणि नव्या रूपात परत येणं म्हणजे ‘तेन्सेइ’, पुनर्जन्म. आत्मा, देह, पूर्वजन्म हे शब्द आपल्याला परके नाहीत. त्यामुळे हा भाग मराठी माणसाला चटकन बसतो.

चॅटमध्ये मात्र झेन्सेचा उल्लेख कधीही करू नका. तो न करणं हा या जगाचा पहिला नियम आहे. कुणी काम थांबवलं तर ‘सोत्सुग्यो’ म्हणतात, म्हणजे पदवीदान. गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण कलाकारांच्या ‘आयडॉल’ गटांतून आलेला हा शब्द आहे.

निजिसान्जीने २०२० मध्ये भारतासाठीही शाखा काढली होती. ती फार काळ टिकली नाही, पण त्या निमित्ताने हे शब्द आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या कानावर पहिल्यांदा पडले.

‘ओशी’ आणि ‘तेएतेए’?

‘ओशी’ म्हणजे ज्याच्या पाठीशी तुम्ही उभे आहात तो किंवा ती. एकाच्याच पाठीशी असाल तर ‘तान-ओशी’, अख्ख्या संस्थेच्या असाल तर ‘हाको-ओशी’ (हाको म्हणजे खोका). जे सगळ्यांवरच जीव टाकतात ते ‘डीडी’, म्हणजे ‘दारेदेमो दाइसुकी’. खरंखुरं प्रेमात पडलेल्याला ‘गाचिकोइ’ म्हणतात.

‘तेएतेए’ हे ‘तोतोइ’ या शब्दाचं लाडाने बिघडवलेलं रूप. तोतोइ म्हणजे पवित्र, अमूल्य. दोन स्ट्रीमरमधला जिव्हाळा दिसला, एकीने दुसरीची आठवण काढली, की चॅटमध्ये तेएतेए येतं. अविस्मरणीय स्ट्रीम म्हणजे ‘कामिकाइ’. धांदरट पण गोड चूक झाली तर ‘पोन’.

काय लिहिलं तर लोक चिडतात?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण परदेशी प्रेक्षक पोळतात ते इथेच.

स्ट्रीमरने विचारलेलं नसताना ‘डावीकडे जा’, ‘तो दरवाजा उघड’ सांगणारा ‘शिजीच्यू’. शिजी म्हणजे सूचना. ‘च्यू’ हा प्रत्यय नि-चान्नेरुवरचा: मुळात माध्यमिक शाळेतल्या पोराला हिणवून ‘च्यूबो’ म्हणत, तो शब्द गमतीने स्वयंपाकघराच्या कांजीत लिहू लागले आणि त्यातलं पहिलं अक्षर एखाद्या गोष्टीच्या आहारी गेलेल्याला चिकटलं.

दुसरा गुन्हा ‘हातो’, म्हणजे कबुतर. पूर्ण शब्द ‘देन्शोबातो’, निरोप नेणारं कबुतर. समजा चार जण मिळून गेम खेळताहेत आणि प्रत्येकाची वेगळी स्ट्रीम आहे. तुम्ही एकाकडे बघितलं की तो सापळा लावतोय आणि दुसऱ्याच्या चॅटमध्ये जाऊन सांगितलंत. सगळ्या खेळाची मजा गेली. खेळ नसला तरी ‘अमकी आत्ता लाइव्ह आहे’, ‘ती तुझ्याबद्दल बोलत होती’ हेसुद्धा कबुतरगिरीतच येतं. अनेक व्हीट्यूबरच्या स्ट्रीमखालच्या वर्णनात नियम लिहिलेले असतात: विषय निघालेला नसताना दुसऱ्या स्ट्रीमरचं नाव काढू नये, प्रेक्षकांनी आपापसात गप्पा मारू नयेत, खोड्या काढणाऱ्याला उत्तर देऊ नये. ते वर्णन उघडून वाचायची सवय लावून घ्या.

खोडसाळ माणूस म्हणजे ‘आराशी’. त्याच्यावर उपाय ‘सुरू’, म्हणजे दुर्लक्ष. जो त्याच्याशी भांडतो तोही आराशीच, असं मानतात. स्वतःहून पोलिसगिरी करत सगळ्यांना दटावणारा ‘जिचीच्यू’. आणि ‘तुझा आवाज बसलाय, आजारी आहेस का, संस्थेशी भांडण झालं का’ अशी काळजी वाहत बसणारे ‘कियुमिन’. कियु म्हणजे आभाळ कोसळेल म्हणून झोप उडालेल्या माणसाची चिनी गोष्ट, त्यावरून. काळजी खरी असते, पण शंभर जणांनी ती एकदम लिहिली की स्ट्रीमरचा मूडच जातो.

स्ट्रीममध्ये गडबड झाली तर कोणते शब्द येतात?

सुरुवातीला स्ट्रीमर ‘किकोएरु?’ विचारते, ऐकू येतंय का. ‘किकोएरु यो’ लिहिलं की झालं. चित्र अडखळलं तर ‘काकुकाकु’, चकती फिरत राहिली तर ‘गुरुगुरु’, आवाज मागेपुढे झाला तर ‘ओतोझुरे’. मोठा घोटाळा म्हणजे ‘होसो जिको’. स्ट्रीम चालू असताना आई खोलीत आली तर ‘ओयाफुरा’, आणि हा प्रकार इतका नेहमीचा की त्याला नाव पडलं. ओळख उघड झाली तर ‘मिबारे’, चेहरा दिसला तर ‘काओबारे’. जनतेचा रोष उसळला तर ‘एन्जो’, म्हणजे ज्वाळा. मिबारे-काओबारे झालं तर ते क्षणचित्र पसरवू नका. त्या माणसाचं आयुष्य त्यात अडकलेलं असतं.

‘किरिनुकी’, ‘दोसेत्सु’, ‘मेन्गेन’?

किरिनुकी म्हणजे लांब स्ट्रीममधून कापून काढलेला तुकडा. ते करणारे ‘किरिनुकिशी’. संस्थांचे त्याबद्दल लेखी नियम असतात, ते न वाचता तुकडे चढवू नयेत. दोसेत्सु म्हणजे एका वेळी बघणाऱ्यांची संख्या. मेन्गेन म्हणजे फक्त सभासदांसाठी. थेट न बघता मागून बघणारे ‘आकाइबु-झेइ’.

‘तोत्सुमाची’, ‘ताइक्यू’, ‘दोजी शिचो’ हे कसले प्रकार?

तोत्सुमाचीत स्ट्रीमर बसून राहते आणि कुणी मित्र फोनसारखा आवाजी कॉल करून आत ‘घुसतो’ का याची वाट बघते. वाढदिवसाला हे हमखास होतं. तिनेच इतरांना कॉल केले तर ‘ग्याकुतोत्सु’. ताइक्यू म्हणजे चिवटपणाची स्ट्रीम: अमुक इतके सदस्य होईपर्यंत गाणार, किंवा हा टप्पा पार होईपर्यंत उठणार नाही. दोजी शिचोमध्ये सगळे आपापल्या घरी एकाच वेळी चित्रपट लावतात. स्ट्रीमवर चित्रपट दाखवायचा नसतो, कारण हक्क नसतात. ‘तीन, दोन, एक’ मोजून प्रत्येकाने आपापला सुरू करायचा.

मी मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलं तर चालेल का? मला ते काय म्हणतील?

परदेशी प्रेक्षकाला ‘काइगाइ निकी’ म्हणतात, बाईला ‘काइगाइ नेकी’. निकी हे ‘आनिकी’चं, म्हणजे दादाचं रूप, नेकी हे ताईचं. शब्द प्रेमाचा आहे. साधं, छोटं इंग्रजी बहुतेक ठिकाणी चालतं, तोडकंमोडकं जपानी त्याहून जास्त आवडतं. मराठीत एखादा ‘नमस्कार’ लिहायला हरकत नाही, पण लांब मजकूर नको: जो स्ट्रीमरला आणि इतरांना वाचता येत नाही, तो नियम मोडतोय की नाही हेही त्यांना कळत नाही. भाषांतर यंत्राने केलेली लांब, अतिनम्र वाक्यं टाळा. ‘शोकेन देसु’, ‘८८८८’, ‘ओत्सु’ एवढ्यावर पहिले कित्येक दिवस आरामात निघतात.

उच्चार जमत नाहीत. काही युक्ती?

मराठी माणसाला इथे मोठा फायदा आहे. ‘ओत्सु’मधला ‘त्सु’ म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चूल’मधला चू, ऱ्हस्व करून. ‘शिजीच्यू’मधला मात्र ‘चहा’च्या च सारखा. ‘झात्सुदान’ची सुरुवात ‘जाड’मधल्या जा ने करा. हे दोन-दोन च आणि ज आपल्या तोंडात आधीपासून आहेत. शिवाय ‘कुसा’, ‘सुपाचा’ यांतला पहिला उ जवळजवळ गिळतात, आणि ‘देसु’ ऐकायला ‘देस’ येतं.

भारतातून बघायला सोयीची वेळ कोणती?

जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथली रात्री ८ ते ११ ही गर्दीची वेळ म्हणजे आपली संध्याकाळी ४:३० ते ७:३०. जपानी मध्यरात्रीच्या निवांत गप्पा आपल्याला जेवणाआधी मिळतात. नवख्याने झात्सुदान वाकुपासून सुरुवात करावी. चॅट हळू असतं आणि स्ट्रीमर ओळी वाचून दाखवते, त्यामुळे लिहिलेलं आणि उच्चारलेलं एकदम कळतं.

यातले जुने झालेले शब्द कोणते?

‘वाकोत्सु’ यूट्यूबवर फार दिसत नाही, निकोनिकोच्या लोकांत आहे. ‘वाकुवाकु तेकातेका’चं चार रोमन अक्षरांचं लघुरूप, म्हणजे ‘आतुर झालोय’, आता वयस्क वाटतं. निघताना लिहायचं ‘नोशी’ हे हात हलवण्याचं चित्र: ‘नो’ हे काताकाना या जपानी लिपीतलं अक्षर वर केलेल्या हातासारखं, ‘शी’ त्याच्या हलण्यासारखं. जुनं आहे, तरी अजून कुणी कुणी लिहितं, आणि मला ते दिसलं की बरं वाटतं.

हे शब्द ऑफिसात, जपानी क्लायंटशी बोलताना वापरता येतील का?

नाही. पुण्यात जपानी प्रकल्पांवर काम करणारे विद्यार्थी हे विचारतात म्हणून स्पष्ट लिहिते. सहकाऱ्याला ‘ओत्सुकारेसामा देसु’ पूर्ण म्हणा. क्लायंटला मेलमध्ये ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ने सुरुवात करा. डब्ल्यू आणि कुसा कामाच्या चॅटवर नकोतच. समवयस्क जपानी सहकाऱ्याने स्वतःहून आपल्या ओशीचं नाव सांगितलं, तर जेवणाच्या सुट्टीत त्याला ‘हाको-ओशी का तान-ओशी?’ असं विचारायला काहीच हरकत नाही.